पर्लकोटेच्या पुरावरून

भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात इंद्रावती दुथडी भरली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. ते मागे फुगते, ठेंगणा पूल पाण्याखाली जातो आणि आलापल्लीहून सुमारे ६५ किलोमीटर जंगलातून आलेला रस्ता नदीच्या अलीकडेच थांबतो. अलीकडे हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना तिथेच. पलीकडे तालुक्याचे गाव आणि तिथले ग्रामीण रुग्णालय, त्यापुढे लाहेरी, आणि लाहेरीच्याही पुढे डोंगरातले बिनागुंडा. पूर ओसरेपर्यंत पलीकडच्या डॉक्टरांना जवळ असेल तेवढ्या साठ्यावर भागवावे लागते. डॉक्टर आहे, नर्सताई आहेत, नातेवाइकांनी खाटेवर घालून आणलेला रुग्णही समोर आहे, पण नेमके लागणारे औषध नदीच्या दुसऱ्या काठावर आहे, अशी वेळ या तालुक्यावर येऊ शकते.

वैमानिकाविना उडणारे विमान आणि चालकाविना धावणारी गाडी यांच्या भविष्याविषयी आपण ऐकतो ते बहुधा महानगरांच्या संदर्भात. मला ते चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या संदर्भात मांडावेसे वाटते. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता आणि जंगल अजूनही दोघांना जोडून आहे. यातले पहिले यंत्र इथे येऊन स्थिरावले आहे. दुसरे येईल तेव्हा रस्त्याच्या आधी खाणीत येईल. दोन्ही ठिकाणी यंत्रात माणूस बसत नसला तरी त्याच्या दोन्ही टोकांना माणूस लागतोच, आणि यंत्राचे भले-बुरे ठरते ते या दोन टोकांवर कोण आहे यावरून.

दूरनियंत्रण ही कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट पाण्यात फिरवून दाखवली होती. १९३०च्या दशकात ब्रिटिशांनी तोफखान्याच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ नावाची वैमानिकाविना उडणारी विमाने केली. तिथून आजच्या ड्रोनपर्यंतचा टप्पा गाठला गेला तो मुख्यतः मोबाइल फोनमुळे. फोनसाठी लाखोंच्या संख्येने तयार होऊ लागलेले बारीक संवेदक, हलक्या बॅटऱ्या, छोटे कॅमेरे आणि उपग्रहावरून जागा सांगणारी चिप एकत्र आली आणि चार पंख्यांचे यंत्र स्वस्तात उडू लागले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. २००९ सालच्या ‘थ्री इडियट्स’मध्ये वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जाणारे यंत्र त्यांचेच होते. पुढे डीआरडीओबरोबर त्यांनी ‘नेत्र’ हे टेहळणीचे ड्रोन विकसित केले.

चार पंख्यांचे ड्रोन हवेत स्थिर कसे राहते? समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट दिशेने. तसे नसते तर यंत्र स्वतःभोवतीच गरगरत राहिले असते. आतला संवेदक सेकंदाला शेकडो वेळा यंत्राचा कल मोजतो आणि त्यानुसार प्रत्येक पंख्याचा वेग कमीजास्त होतो. खाली उभा असलेला माणूस फक्त ‘पुढे जा’, ‘वर जा’ एवढेच सांगतो, तोल सांभाळण्याचे काम यंत्राचे. पण या सुखाची किंमत बॅटरी मोजते. कमरेवर भरली घागर घेऊन एका जागी उभे राहिले तरी दम लागतो, तशी या यंत्राची शक्ती नुसते वर राहण्यातच खर्च होते. पेट्रोलच्या एका किलोत बारा हजार वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम बॅटरीच्या एका किलोत जेमतेम अडीचशे. त्यामुळे छोटे ड्रोन साधारण अर्ध्या तासात खाली उतरते. लांब जायचे असेल तर पंख असलेले यंत्र हवे, कारण पुढे जाताना पंखांखालची हवाच त्याला उचलून धरते. पंख्यांच्या जोरावर सरळ वर चढायचे आणि वर गेल्यावर विमानासारखे पुढे जायचे, अशी दोन्ही प्रकार जोडलेली यंत्रे आता आहेत. गडचिरोलीसारख्या ठिकाणी हाच मेळ उपयोगाचा, कारण इथे धावपट्टीला जागा नाही आणि अंतरे मोठी आहेत.

आता सर्पदंशाचेच पाहू. धानाच्या रोवणीचे दिवस, बांधीत घोटाभर पाणी, बांधावर गवत. नाग, मण्यार, घोणस यांचे दंश याच महिन्यांत वाढतात आणि पूरही याच महिन्यांत येतो. प्रतिविषाची एक कुपी दहा मिलिलिटरची असते. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात, पण त्या सगळ्या मिळून किलोभराच्या आतच भरतात. आपल्याकडे हे औषध बहुधा कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि ते बर्फाविना नेता येते. लसी आणि रक्त यांना मात्र थंड पेटी लागते. लसींना दोन ते आठ अंश तापमान सांभाळावे लागते, तरी तेवढी पेटीही ड्रोनला जड नाही. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने उडणारे यंत्र वीस किलोमीटरचे हवाई अंतर वीस मिनिटांत कापते. खालचा नाला भरला आहे की कोरडा आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

हे स्वप्नरंजन नाही. आफ्रिकेतल्या रवांडात ऑक्टोबर २०१६ पासून ‘झिपलाइन’ कंपनीची पंखांची यंत्रे डोंगराळ भागातल्या दवाखान्यांना रक्त पोहोचवत आहेत. ती गलोलीसारख्या यंत्रणेने हवेत सोडली जातात आणि दवाखान्याच्या अंगणात छोट्या पॅराशूटने पेटी टाकून न उतरताच परत फिरतात. मागितल्यावर तासाभरात रक्त मिळू लागल्याने दवाखान्यांना जास्तीचा साठा करून ठेवावा लागेना आणि मुदत संपून वाया जाणारे रक्तही कमी झाले. भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणाच्या विकाराबादला औषधांची हवाई वाहतूक करून पाहिली गेली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मणिपुरात बिष्णुपूरहून लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस गेली. रस्त्याने २६ किलोमीटरचा तो प्रवास हवेतून १५ किलोमीटरचा झाला आणि पाव तासात संपला. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप या आदिवासी गावाला ३०० लसमात्रा पाठवल्या गेल्या. रस्त्याने चाळीस मिनिटे लागतात तिथे नऊ-दहा मिनिटांत काम झाले. जव्हारला जे जमले ते भामरागडला जमवायला तंत्राची अडचण नाही. अडचण आहे ती नेमाने, रोज, वर्षानुवर्षे चालवण्याची. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मंत्री, कॅमेरे आणि अभियंते हजर असतात. जुलैतल्या एखाद्या रात्री, पाऊस थोडा थांबला असताना, बॅटरी भरलेली असणे आणि ती लावणारा माणूस जागेवर असणे ही खरी सेवा.

औषध उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. प्रतिविषाची कुपी नुसती हातात पडून रुग्ण वाचत नाही. काहींना या औषधाची तीव्र प्रतिक्रिया येते, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन तयार ठेवून रुग्णाजवळ बसणारी व्यक्ती लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी याच गडचिरोलीत १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून दाखवून दिले की गावातल्या बाईला नीट शिकवले तर ती नवजात बाळाचा जीव वाचवू शकते. जगभर पोहोचलेला तो धडा इथल्याच झोपड्यांतून निघाला. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: उपकेंद्रात प्रशिक्षित हात नसेल तर तिथे ड्रोन उतरवण्याला अर्थ नाही, आणि ड्रोनच्या नावाखाली नर्सताईंचे पद रिकामे ठेवण्याची मुभा कोणाला मिळता कामा नये. अडलेल्या बाळंतिणीला तर ड्रोन नेऊही शकत नाही. तिच्यासाठी पूल, रस्ता आणि कधी हेलिकॉप्टरच लागणार.

या जिल्ह्यात ड्रोन आधी आले ते नक्षलविरोधी बंदोबस्तासाठी. १९९० मध्ये उभे राहिलेले पोलिसांचे सी-६० पथक वर्षानुवर्षे पायी गस्त घालत आले, कारण रस्त्यावर सुरुंगाची भीती होती. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक मरण पावले. माणसाला धोक्याच्या जागेपासून दूर ठेवणे हा दूरनियंत्रित यंत्राचा सर्वांत मूलभूत उपयोग आहे. पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बनवलेला ‘दक्ष’ हा चाकांचा यंत्रमानव त्याच कामाचा. जवान काही शे मीटर मागे थांबतो आणि बॉम्बजवळ यंत्र जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मल्लोजुला वेणुगोपाल राव या माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता जिल्ह्याचा तो अध्याय मावळतीला लागला आहे. अशा वेळी पोलिसांकडे जमा झालेले कौशल्य, म्हणजे ड्रोन उडवणारे हात आणि या जंगलावरच्या वाऱ्या-पावसाचा अनुभव, आरोग्य विभागाच्या कामी लावावे असे मला मनापासून वाटते. निवडणुकीत मतदान पथकांना हेलिकॉप्टरने पोहोचवणाऱ्या जिल्ह्याला हवाई नियोजन नवे नाही.

जंगलावरून उडवण्याची एक अडचण अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. ड्रोनचा संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरू लागली की ते आपोआप निघाल्या जागी परतते. परतताना किती उंचीवरून यायचे हे उडवण्याआधी ठरवून द्यावे लागते. मोकळ्या शेतात तीस मीटर पुरतात. पण सागवान आणि ऐनाची उंच झाडे, त्यात मध्येच उठलेली टेकडी, अशा जागी तीच उंची ठेवली तर यंत्र सरळ फांदीत जाऊन अडकते, आणि खालचा माणूस पडद्यावर पाने पाहत राहतो. म्हणून उडवणाऱ्याला नियमांइतकेच त्या परिसरातले झाड न झाड माहीत हवे. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. कित्येक छोटी ड्रोन साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्याही वर जातो.

याच उष्णतेचा वाघाशी संबंध आहे. वाघ शोधायला जे ड्रोन वापरतात त्यावर थर्मल कॅमेरा असतो. तो उजेड पाहत नाही, प्रत्येक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. पहाटे जमीन गार असते तेव्हा वाघाचे ३७-३८ अंशांचे शरीर पडद्यावर उजळ ठिपक्यासारखे उठून दिसते. दुपारी दगड आणि माती वाघापेक्षाही तापलेली असतात आणि तो ठिपका त्यात हरवून जातो. झाडाची घट्ट पालवी तर उष्णतेलाही आडवी येते, त्यामुळे पावसाळ्यात वरून फारसे काही सापडत नाही. २०१८ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसांवर हल्ले करणाऱ्या टी-१ वाघिणीच्या शोधात थर्मल ड्रोन होते, पॅरामोटर होते, हत्ती आणि श्वानही होते. तरीही ती मोहीम लांबत गेली आणि २ नोव्हेंबरच्या रात्री गाडीतून झाडलेल्या गोळीने संपली.

पण याच मर्यादांच्या आत एक संधी दडलेली आहे. मोहफुले वेचायचा हंगाम मार्च-एप्रिलचा. तेव्हा सागाची पाने गळलेली असतात आणि जंगल वरून उघडे दिसते. मोह पहाटे पडतो, म्हणून बायका उजाडण्याआधी टोपली घेऊन झाडाखाली जातात. वाकून फुले वेचणारी बाई वाघाला चार पायांच्या जनावरासारखी दिसते आणि हल्ले होतात ते बहुधा अशाच वेळी. म्हणजे थर्मल कॅमेऱ्याला सर्वांत स्पष्ट दिसते तो महिना आणि ती वेळ, आणि बायांना सर्वांत जास्त धोका असतो तो महिना आणि ती वेळ, एकच आहे. तेंदूपानांचा हंगाम मे महिन्याचा. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. गावाजवळच्या मोहाच्या आणि तेंदूच्या जागा मोजक्या असतात, गावाला त्या तोंडपाठ असतात. पहाटे चार ते पाचच्या दरम्यान त्यांच्यावरून एक फेरी मारून गावातल्या ठरलेल्या फोनवर ‘आज या बाजूला जाऊ नका’ एवढे कळवणे वन विभागाला अशक्य नाही. ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावाच्या कडेला कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे लावून वाघ दिसताच इशारा देण्याची व्यवस्था २०२३ पासून आहेच. तिला पहाटेच्या फेरीची जोड द्यावी.

हत्तींच्या बाबतीत ड्रोनने आधीच काम केले आहे. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि इथेच रेंगाळला. इथल्या पिढ्यांनी रानटी हत्ती पाहिलेला नव्हता. दिवसा झाडोऱ्यात विसावणारा कळप रात्री धानाकडे निघतो, तेव्हा तो कुठल्या गावाच्या दिशेने सरकतो आहे हे थर्मल ड्रोनमुळे वन कर्मचाऱ्यांना कळू लागले. इथे एक पथ्य आहे. पंख्यांची घरघर हत्तींना अजिबात खपत नाही. टांझानियात शेतातून हत्ती हुसकावण्यासाठी ड्रोनचा मुद्दाम वापर करून पाहिला आहे. त्यामुळे नुसते लक्ष ठेवायचे असेल तर यंत्र उंचच ठेवायला हवे, नाहीतर बिथरलेला कळप नेमका गावातच शिरायचा.

आता एक अशी गोष्ट, जिच्यावर आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसराचा अभ्यास केला. तो २०२४च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. वन्यप्राण्यांसाठी बसवलेले कॅमेरे आणि ड्रोन यांचा वापर लाकूडफाटा आणायला जाणाऱ्या बायकांवर पाळत ठेवण्यासाठी आणि त्यांना घाबरवून जंगलाबाहेर काढण्यासाठी होत असल्याचे त्यात पुढे आले. जंगल ही त्या बायकांची घराबाहेरची मोकळी जागा होती. तिथे त्या मोठ्याने गात, बोलत, हसत, आणि त्या आवाजाने वाघही दूर राहत असे. कॅमेऱ्याच्या भीतीने त्या गप्प झाल्या आणि धोका उलट वाढला. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बाईची गोष्ट यापेक्षा वेगळी असायचे कारण नाही.

म्हणूनच गावावरून, गावाच्या जंगलावरून काय उडावे याचा निर्णय ग्रामसभेशी बोलल्याविना होऊ नये. हा हक्क मागायला गडचिरोलीइतकी योग्य जागा देशात दुसरी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणाऱ्या गावाला आभाळातल्या डोळ्याविषयी मत असणारच. आणि हाच डोळा ग्रामसभेच्या हातात आला तर तिच्या उपयोगाचाही आहे. बांबूची तोड कुठे झाली, वणवा कुठवर आला, हद्द कुठे सरकली, हे तिला स्वतः पाहता येईल. २०२० पासून सुरू असलेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोननेच होते. त्यातली पद्धत मला फार आवडते: ड्रोन उडण्याआधी घरमालक आणि शेजारी समोरासमोर उभे राहतात आणि आपापल्या जागेची हद्द चुन्याने आखली जाते. वरचा कॅमेरा फक्त ती पांढरी रेघ टिपतो. रेघ कुठे ओढायची हे माणसांनी आधी ठरवलेले असते.

गाडीकडे वळू. आपोआप चालणाऱ्या गाडीची सुरुवात एका फजितीने झाली. २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ संस्थेने मोहावीच्या वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत लावली. एकही गाडी बारा किलोमीटरच्या पुढे गेली नाही. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ने २१२ किलोमीटरची वाट पूर्ण केली. आज ‘वेमो’च्या गाड्या अमेरिकेतल्या काही शहरांत चालकाविना प्रवासी नेतात. पण यंत्राला जग जसे शिकवावे तसेच दिसते. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनात सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला ‘उबर’च्या चाचणीतल्या गाडीने धडक दिली आणि ती मरण पावली. गाडीला समोर काहीतरी असल्याचे आधीच कळले होते, पण ती वस्तू कधी अनोळखी, कधी वाहन, कधी सायकल अशी बदलत राहिली. पादचारी ठरवून दिलेल्या जागा सोडूनही रस्ता ओलांडतात हे त्या यंत्रणेने धरलेच नव्हते. मूल-चंद्रपूर रस्त्यावर ठरवून दिलेली जागा कुठे आहे? बैलगाडी, बसलेली गुरे, कडेने डोक्यावर मोळी घेऊन निघालेली रांग, आणि संध्याकाळी अचानक झेपावणारे चितळ. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘व्होल्वो’ला असाच अनुभव आला. स्वीडनमधल्या मूस हरणांवर शिकलेली त्यांची यंत्रणा कांगारूपुढे गोंधळली. उडी मारल्यावर कांगारू लांब गेल्यासारखा वाटे, जमिनीवर टेकला की जवळ. आपल्या चितळाने तेच केले असते.

हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांच्या दहा हजार चित्रांचा संग्रह तयार केला. त्यात ऑटोरिक्षा आहे, जनावरे आहेत, डांबराच्या कडेची गाडी जाऊ शकेल अशी कच्ची पट्टीही आहे. याच संस्थेच्या सहभागाने नागपुरात २०२१ पासून ‘आय-रस्ते’ प्रकल्प चालला. महापालिकेच्या बसमध्ये पुढे धोका दिसताच चालकाला सावध करणारी उपकरणे बसवली गेली, आणि ती कुठे कुठे वारंवार वाजतात यावरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा हेरल्या गेल्या. या जिल्ह्यांसाठी हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हिशोब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला दीड सेकंद लागला तर ३३ मीटर तिथेच गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५. यंत्राने अर्ध्या सेकंदात ब्रेक लावला तर वीस-बावीस मीटर वाचतात. रात्रीच्या एसटीसमोर उभ्या असलेल्या जनावराचा आणि एसटीतल्या माणसांचा जीव त्या वीस मीटरमध्ये आहे. यासाठी चालकाला जागेवरून उठवायची गरज नाही. त्याच्या शेजारी एक न थकणारा डोळा बसवला की पुरे.

खाणीत मात्र चालक खरोखरच उठवला जाईल. ठरलेली वाट, बंद आवार, तेच भरणे आणि तेच रिते करणे, ही यंत्राला सर्वांत सोपी कामगिरी. २००८ पासून ऑस्ट्रेलियाच्या पिलबारातल्या लोहखाणींत ‘कोमात्सु’चे अवाढव्य डंपर चालकाविना चालत आहेत आणि त्यांच्यावर दीड हजार किलोमीटर दूरच्या पर्थ शहरातून लक्ष ठेवले जाते. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती इथल्या कोळशाच्या खुल्या खाणी आणि एटापल्ली तालुक्यातली सूरजागडची लोहखाण पाहिली की हे तंत्र इथे कधी येणार एवढाच प्रश्न उरतो. त्याचा फायदाही खरा आहे. धुळीत आणि ४५ अंशांत तासनतास डंपरच्या आत बसणे हे शरीर झिजवणारे काम आहे.

तरीही पर्थचे उदाहरण मला अस्वस्थ करते. डंपर एटापल्लीत आणि त्याची खुर्ची पुण्यात, असे होऊ शकते. जंगल गेले, डोंगर गेला, त्याच्या बदल्यात गावच्या पोराला मिळालेली ड्रायव्हरची नोकरीही तारेवरून शहरात गेली, तर त्या तालुक्याच्या हाती काय राहिले? नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये सांगितले की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकाविना गाड्यांना ते भारतात येऊ देणार नाहीत. रस्त्यांपुरती ही भूमिका काही काळ टिकेलही, पण खाणीच्या कुंपणाआत ती किती टिकेल याची मला खात्री वाटत नाही. त्यामुळे अट आत्ताच घालायला हवी: या जिल्ह्यातले यंत्र या जिल्ह्यातूनच चालवले जावे. खाणपट्ट्याच्या करारात ते लिहून घ्यावे, आणि २०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने आणि तालुक्याच्या आयटीआयने त्यासाठी अभ्यासक्रम आखावेत.

ड्रोनच्या बाबतीत तर कायदाही आड येत नाही. ऑगस्ट २०२१च्या नियमांनुसार हिरव्या, म्हणजे निर्बंध नसलेल्या, क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. सुरक्षेचे कारण असेल तर राज्य सरकार एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता बंद करू शकते. नजरेपलीकडे लांब उडवायला विशेष मंजुरी लागते आणि औषधाच्या सेवेसाठी ती एकदाच, नीट तयारी करून मिळवावी लागेल. ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र १८ ते ६५ वयाच्या, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेल्या कोणालाही मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांच्या महिलांना फवारणीचे ड्रोन घ्यायला ८० टक्क्यांपर्यंत, कमाल आठ लाख रुपये मदत आहे. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले होते. पाठीवरचा पंप उतरवून बांधावर उभे राहून फवारणी करता येणे हीच केवढी सुटका आहे. ब्रह्मपुरी किंवा वडसाच्या बचत गटातली जी बाई धानावर औषध फवारायला ड्रोन शिकेल, तिला थोड्या जास्तीच्या प्रशिक्षणाने पहाटे मोहाच्या झाडांवरून फेरी मारता येईल आणि पुराच्या दिवसात उपकेंद्राची पेटी पाठवता येईल. त्यासाठी प्रशिक्षण केंद्र नागपूरला नको, आलापल्लीला हवे. शिकवणारा माडिया आणि गोंडी जाणणारा हवा. शिकून बाहेर पडणाऱ्या पहिल्या तुकडीला आरोग्य विभागाने आणि वन विभागाने हंगामापुरते नव्हे, बारा महिन्यांचे काम द्यायला हवे.